किनाऱ्यावरची जोड : फॉकलंड १९८२ मधील भूदलाची आणि नौदलाची रसद

२१ मे १९८२ च्या रात्री ‘कॅनबेरा’ हे प्रवासी जहाज सान कार्लोसच्या खाडीतून नांगर उचलून खुल्या समुद्राकडे निघाले, तेव्हा ज्या सैनिकांना घेऊन ते आले होते त्यांचे बरेचसे सामान अजून त्याच्याच पोटात होते. जहाज बुडालेले नव्हते, माल हरवलेला नव्हता आणि शत्रूने वाटही अडवलेली नव्हती. रसद तुटली की सैन्याचे काय होते हे मराठी वाचकाला पानिपताच्या निमित्ताने पुरेपूर ठाऊक आहे. इथला प्रश्न मात्र वेगळा होता. इथे रसद तुटली नव्हती, ती डोळ्यांसमोर तरंगत होती, पण हाताला लागत नव्हती.

फॉकलंडच्या युद्धावर बोलताना विमाने, क्षेपणास्त्रे आणि बुडालेल्या नौका यांचीच चर्चा अधिक होते. या प्रकरणात तो भाग लागेल तेवढाच घेतला आहे. पाहायचे आहे ते एवढेच : पुरवठ्याच्या दोन अगदी निराळ्या सवयी असलेली दोन दले एका मोहिमेत एकत्र आली, तेव्हा कोणते निर्णय घेतले गेले, ते त्या वेळी का बरोबर वाटले आणि ते कुठे अंगाशी आले.

पार्श्वभूमी

२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. तिसऱ्याच दिवशी, ५ एप्रिलला, ‘हर्मीस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या ब्रिटिश विमानवाहू नौका पोर्ट्समथहून निघाल्या. ही ‘हर्मीस’ पुढे भारताने विकत घेतली आणि १९८७ ते २०१७ अशी तीस वर्षे ती ‘विराट’ या नावाने भारतीय नौदलात राहिली. मुंबईत तिला नांगरलेली पाहिलेले अनेक वाचक असतील. ९ एप्रिलला ‘कॅनबेरा’ साउदम्प्टनहून निघाले. त्यावर रॉयल मरीन्सच्या, म्हणजे नौदलाच्या सागरी पायदळाच्या, ४० आणि ४२ कमांडो या तुकड्या आणि पॅराशूट रेजिमेंटची तिसरी बटालियन होती.

ब्रिटनपासून फॉकलंड सुमारे १३,००० किलोमीटर दूर आहे. वाटेत जवळजवळ मध्यावर असेन्शन नावाचे छोटे बेट लागते. बेट ब्रिटनचे, तिथली मोठी धावपट्टी अमेरिकेने चालवलेली, आणि जहाजे धक्क्याला लावता येतील असे बंदर तिथे नाही. असेन्शनच्या पुढे ब्रिटिशांच्या हाती एकही बंदर नव्हते, एकही विमानतळ नव्हता. जूनमध्ये तिकडे हिवाळा सुरू होतो, म्हणजे मोहीम उरकायला मुदतही होती.

उतरायचे काम ३ कमांडो ब्रिगेडचे होते आणि तिचे नेतृत्व ब्रिगेडियर ज्युलियन थॉम्पसन यांच्याकडे होते. पॅराशूट रेजिमेंटच्या दोन बटालियन तिला जोडून दिल्या होत्या. ब्रिगेडचा पुरवठा पाहणारी कमांडो लॉजिस्टिक रेजिमेंट लेफ्टनंट कर्नल आयव्हर हेलबर्ग यांच्या हाताखाली होती. या रेजिमेंटमध्ये मरीन्स, भूदल आणि नौदल अशा तिन्हींची माणसे होती आणि तिचा सगळा सराव नॉर्वेतल्या संभाव्य युद्धासाठी झालेला होता. नॉर्वेत रस्ते आहेत, बंदरे आहेत, मित्रदेशाची व्यवस्था आहे. फॉकलंडमध्ये राजधानी स्टॅन्लीचा परिसर सोडला तर रस्ता म्हणावा असे काही नव्हते. होती ती पाण्याने तट्ट फुगलेली पीटची जमीन, जिच्यात चारटनी ट्रक चाकाच्या आसापर्यंत रुतत असे.

नौदलाच्या बाजूला विमानवाहू ताफा रिअर अ‍ॅडमिरल वुडवर्ड यांच्याकडे आणि सैन्य उतरवणारा ताफा कमोडोर मायकेल क्लॅप यांच्याकडे होता. हे दोघे आणि थॉम्पसन असे तिघेही थेट लंडनजवळच्या नॉर्थवुड येथील मुख्यालयाला, म्हणजे अ‍ॅडमिरल फील्डहाउस यांना उत्तरदायी होते. प्रत्यक्ष रणक्षेत्रात या तिघांच्या वर कोणीही नव्हते. या रचनेचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

दोन घरांच्या दोन सवयी

नौदलाची रसद ही पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याची रसद आहे. नौकेच्या पोटातच स्वयंपाकघर, दवाखाना, कार्यशाळा, दारूगोळ्याची कोठी आणि इंधनाची टाकी असते. साठा उतरला की दुसरे जहाज शेजारी येते, दोन्ही जहाजे समांतर चालू लागतात आणि चालत्या समुद्रातच नळ्यांतून तेल आणि दोरांवरून खोकी पलीकडे जातात. ब्रिटिश नौदलासाठी हे काम रॉयल फ्लीट ऑक्झिलरी हा नागरी खलाशांनी चालवलेला सरकारी ताफा करत असे. या मोहिमेत त्याला व्यापारी तेलवाहू जहाजांची जोड मिळाली. व्यापारी जहाज ताफ्याच्या तेलवाहू जहाजाला तेल देई, ते युद्धनौकेला देई आणि अशी साखळी ब्रिटनपासून थेट फॉकलंडपर्यंत चालली. बेटांच्या पूर्वेला, शत्रूच्या विमानांच्या आवाक्याबाहेर, समुद्रातच एक ठिकाण ठरवून तिथे दुरुस्तीचे जहाज आणि पुरवठा जहाजे ठेवली होती. बॉम्ब लागलेल्या नौका तिथे जाऊन पत्रे जोडून परत येत. कुठल्याही बंदराशिवाय एवढा ताफा महिनोन्‌महिने चालवणे ही असामान्य कामगिरी होती आणि तिचे श्रेय ज्यांना मिळायला हवे त्यांना ते क्वचितच मिळते.

भूदलाची रसद याच्या उलट्या बाजूने विचार करते. तिचा ग्राहक एक नसून हजारो असतात आणि ते डोंगरावर विखुरलेले असतात. नौका स्वतः पुरवठा जहाजाकडे जाऊ शकते. खंदकातला सैनिक गोदामाकडे येऊ शकत नाही. म्हणून भूदल टप्पे बांधते : मागे मोठा साठा, मध्ये ब्रिगेडचा साठा, पुढे बटालियनचा साठा आणि या सर्वांना जोडणारी वाहने. या साखळीत थोडा अपव्यय गृहीतच धरलेला असतो, कारण एखादा ट्रक गेला तर बाकीचे नव्व्याण्णव पोचावेत अशी तिची मांडणी असते. नौदलाकडे शंभर ट्रक नसतात. मोजकी जहाजे असतात, आणि त्यातले एक गेले तर त्यातले सगळे जाते.

प्रत्येक सवय आपापल्या जागी शहाणपणाचीच आहे. अडचण होती ती दोन्ही जिथे भेटतात त्या किनाऱ्यावर. जहाजातला माल वाळूवर येईपर्यंत तो नौदलाचा, वाळूवर आला की भूदलाचा. आणि मधल्या काही शे मीटर पाण्यावर लागणाऱ्या होड्या, हेलिकॉप्टरे आणि माल ओळखणारी माणसे यांचा हिशेब दोघांपैकी कोणाच्याच वहीत पुरता मांडलेला नव्हता.

पहिला निर्णय : कशात काय भरायचे

देशभरच्या कोठारांतून युद्धसाठा काही दिवसांत बंदरांवर आला. सरकारने ४ एप्रिलला व्यापारी जहाजे ताब्यात घेण्याचा अधिकार मिळवला होता आणि पुढच्या आठवड्यांत पन्नासच्या आसपास जहाजे या कामाला लागली. प्रवासी जहाजांच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरण्यासाठी फलाट जोडले गेले.

सैन्य उतरवण्याच्या मोहिमेत जहाज भरण्याचा नियम सरळ आहे. जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी भरायचे, म्हणजे ते वर राहते. आणि एका प्रकारचा सगळा माल एकाच जहाजात ठेवायचा नाही. हा नियम इथे पाळता आला नाही. समोर दोन पर्याय होते. एक, आठ-दहा दिवस थांबून नीट भरणी करायची. दुसरा, जे येईल ते येईल त्या क्रमाने भरून निघायचे आणि असेन्शनला थांबून फेरमांडणी करायची. सरकारला जगाला आणि अर्जेंटिनाला दाखवायचे होते की ताफा निघाला आहे. वाटाघाटी सुरू होत्या आणि समुद्रावर निघालेला ताफा हाच त्यांतला मोठा मुद्दा होता. त्यामुळे दुसरा पर्याय निवडला गेला. माझ्या मते तो निर्णय राजकीयदृष्ट्या योग्य होता. त्याची किंमत किती असेल याचा अंदाज मात्र फारच सौम्य बांधला गेला.

ती किंमत असेन्शनला दिसली. जहाजे भर समुद्रात नांगरलेली, लाटा सतत उसळणाऱ्या, आणि एका जहाजातून दुसऱ्यात माल हलवायचा तो हेलिकॉप्टरला टांगून किंवा सपाट तळाच्या लँडिंग क्राफ्टमधून. कुठले खोके कुठल्या जहाजाच्या कुठल्या खणात आहे याच्या याद्या अपुऱ्या होत्या, म्हणून आधी माल शोधायचा आणि मग हलवायचा असे दुहेरी काम झाले. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे चालले आणि बरेच सुधारलेही. पण जे काम गोदीत क्रेनखाली एका दिवसात झाले असते त्याला इथे अनेक दिवस लागले आणि शेवटी काही माल आहे तिथेच ठेवून ताफ्याला निघावे लागले.

दुसरा निर्णय : साठा पाण्यावर की जमिनीवर

उतरण्यासाठी सान कार्लोसची खाडी निवडली गेली. ती स्टॅन्लीपासून सुमारे ८० किलोमीटर दूर होती, पण चहूबाजूंनी टेकड्या असल्यामुळे तिथे जहाजांना समुद्रावरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून आडोसा मिळत होता. नौदलाच्या दृष्टीने जागा सुरक्षित होती. भूदलाच्या दृष्टीने ती लक्ष्यापासून फार लांब होती. इथे नौदलाची गरज आधी धरली गेली आणि ते बरोबरच झाले, कारण जहाजेच गेली असती तर पुढचा प्रश्नच उरला नसता.

मग पुरवठ्याच्या साठ्याचे काय करायचे? पहिला विचार होता तो सगळा माल झपाट्याने उतरवून किनाऱ्यावर ब्रिगेडचे कोठार उभे करण्याचा. त्यासाठी पुरेसा पुळणीचा भाग नव्हता, वाहने मोजकीच आणली होती आणि एकदा मांडलेले कोठार पुन्हा हलवणे अवघड होते. दुसरा विचार होता तो माल जहाजांतच ठेवण्याचा. जहाजे खाडीत उभी राहतील, पुढची तुकडी मागणी कळवेल आणि हेलिकॉप्टर जहाजावरून उचललेला माल थेट डोंगरावर नेईल. मधला टप्पाच नको. हा विचार मान्य झाला. क्लॅप आणि थॉम्पसन दोघांनाही तो पसंत होता, आणि कागदावर तो खरोखर देखणा होता. नौदलाची चालत्या समुद्रातली पुरवठ्याची पद्धत जणू डोंगरापर्यंत लांबवली होती.

त्याला दोन गृहीतके होती. खाडीतली जहाजे दिवसा उभी राहू शकतील हे पहिले, आणि हेलिकॉप्टरे पुरेशी असतील हे दुसरे. पहिल्या पाच दिवसांतच दोन्ही कोसळली.

२१ ते २७ मे

२१ मे रोजी पहाटेच्या अंधारात सैन्य जवळजवळ विनाविरोध उतरले. उजाडल्यावर अर्जेंटिनाची विमाने आली. त्या दिवशी ‘आर्डंट’ गेली, २३ तारखेला ‘अँटेलोप’वर बॉम्ब पडले, २५ ला ‘कॉव्हेंट्री’ बुडाली. वैमानिकांनी बहुधा युद्धनौकांनाच लक्ष्य केले, म्हणून मालवाहू जहाजे वाचली. पण पांढऱ्याशुभ्र रंगाचे, दुरूनही ओळखू येणारे ‘कॅनबेरा’ दुसऱ्या दिवशीही तिथेच उभे ठेवणे कोणालाच शक्य वाटले नाही. २१ मेच्या रात्रीच ते आणि इतर दोन मोठी व्यापारी जहाजे बाहेर पाठवली गेली. जखमींवर उपचार ‘कॅनबेरा’वर व्हायचे होते; ती सोय आता एजॅक्स बे इथल्या, मटण गोठवण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात मांडावी लागली.

म्हणजे साठा पाण्यावर ठेवण्याची योजना एका दिवसात संपली आणि जमिनीवर कोठार उभारण्याची योजना, जी नाकारलेली होती, ती तयारीशिवाय अमलात आली. ब्रिगेडचे कोठार आणि रणांगणावरचे रुग्णालय एकाच कारखान्याच्या आवारात आले. दारूगोळ्याच्या शेजारी असल्यामुळे रुग्णालयावर रेडक्रॉसचे चिन्हही रंगवता आले नाही.

यापुढे जहाजे रात्री आत येत, उजाडण्याआधी बाहेर जात. ब्रिगेडने काय मागितले आणि रात्री कोणते जहाज आत आले यांचा मेळ बसेना. मागणी बिनतारी संदेशाने नौदलाकडे जाई, तिथे जहाजांच्या सुरक्षिततेचा विचार करून ताफा ठरे, आणि जे जहाज येई त्यात हवा तो माल असेलच असे नसे. असला तरी तो खालच्या थरात असे आणि वरचा माल हलवेपर्यंत रात्र सरे. माल पाठवला जात होता हे नौदलाचे म्हणणे खरे होते, आणि माल मिळत नव्हता हे ब्रिगेडचे म्हणणेही तितकेच खरे होते.

२५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मोठे मालवाहू जहाज सान कार्लोसकडे येण्याच्या तयारीत असताना त्याला एक्झोसे क्षेपणास्त्रे लागली. त्यात १२ जण मरण पावले; जहाजाचे कप्तान त्यांत होते. चिनूक जातीची तीन मोठी आणि वेसेक्स जातीची सहा हेलिकॉप्टरे, साडेचार हजार माणसांचे तंबू आणि तात्पुरत्या धावपट्टीचे साहित्य जळून गेले. चिनूक एका खेपेत सुमारे १० टन उचलते. त्याहून लहान असलेले सी किंग हेलिकॉप्टर त्याच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा. ब्रिगेडची पुढची सगळी हालचाल या चिनूकांवर बेतलेली होती. त्या वेळी हवेत असलेले एकच चिनूक वाचले आणि सुटे भाग, अवजारे, तांत्रिक पुस्तके यांच्याशिवायच ते युद्ध संपेपर्यंत राबत राहिले.

या जहाजाबद्दल मला सर्वांत जास्त बोचते ते नुकसानीचे आकडे नव्हेत, तर ती भरणी. जड हेलिकॉप्टरे, तंबू आणि धावपट्टीचे साहित्य या तिन्ही गोष्टी एकमेकींना पर्यायी नसलेल्या आणि मोहिमेला आवश्यक होत्या, आणि त्या एकाच जहाजावर होत्या. शिवाय त्या जहाजावर क्षेपणास्त्रांना चकवण्याची साधने नव्हती. व्यापारी दृष्टीने ती भरणी उत्तम होती : मोठा डेक, पूर्ण वापरलेली जागा. माल विभागून ठेवायचा हा भूदलाचा साधा नियम तिथे कोणी आग्रहाने मांडला असता तर एखादे चिनूक तरी दुसऱ्या जहाजावर गेले असते. पण व्यापारी जहाज नौदलाच्या ताब्यात, हेलिकॉप्टरे हवाई दलाची आणि ती लागणार भूदलाला. असा आग्रह धरणे हे नेमके कोणाचेच काम नव्हते.

२७ मे रोजी ४५ कमांडो आणि पॅराशूट रेजिमेंटची तिसरी बटालियन पाठीवर ओझे घेऊन पायी निघाल्या. त्याच संध्याकाळी एजॅक्स बेवर बॉम्ब पडले. काही जवान मृत्युमुखी पडले, ४५ कमांडोसाठी रचून ठेवलेला उखळी तोफांचा आणि रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांचा साठा रात्रभर स्फोट होत जळत राहिला, आणि न फुटलेले दोन बॉम्ब रुग्णालयाच्या इमारतीत अडकून पडले. त्यांच्या शेजारी शस्त्रक्रिया चालूच राहिल्या.

तिसरा निर्णय : दुसरी ब्रिगेड

दरम्यान भूदलाची ५ इन्फन्ट्री ब्रिगेड १२ मे रोजी ‘क्वीन एलिझाबेथ २’ या जहाजातून निघाली होती. तिच्या मूळच्या दोन पॅराशूट बटालियन आधीच काढून घेतल्या होत्या. त्यांच्या जागी स्कॉट्स गार्ड्स आणि वेल्श गार्ड्स आल्या आणि सोबत गुरखा बटालियन होती. पण तिच्याकडे कमांडो लॉजिस्टिक रेजिमेंटच्या तोडीची, एकत्र सराव झालेली पुरवठ्याची यंत्रणा नव्हती.

ही ब्रिगेड पाठवताना नॉर्थवुडमध्ये बटालियन मोजल्या गेल्या, त्यांना खाऊपिऊ घालणारे हात मोजले गेले नाहीत. एका ब्रिगेडसाठी उभारलेल्या, तीही बहुतेक वाहने मागे ठेवून आलेल्या रेजिमेंटवर आता दोन ब्रिगेड आणि त्यांच्या पाच तोफबॅटऱ्यांचा भार पडला. दुसरी ब्रिगेड पाठवावी की नाही यावर मतभेद असू शकतात. शेवटच्या लढायांत तिचा उपयोग झालाच. पण एक बटालियन कमी आणि एक पुरवठा तुकडी जास्त अशी अदलाबदल झाली असती तर आधीची ब्रिगेडही वेगाने पुढे गेली असती असे मला वाटते.

दोन्ही ब्रिगेडचे नेतृत्व करायला येणारे मेजर जनरल जेरेमी मूर याच जहाजावर होते आणि जहाजावरील उपग्रह संपर्कव्यवस्था नीट न चालल्यामुळे जवळजवळ दहा दिवस त्यांचा रणक्षेत्राशी प्रत्यक्ष संपर्क राहिला नाही. नेमके याच दिवसांत सान कार्लोसमधली पुरवठ्याची सगळी रचना पालटत होती. मूर ३० मे रोजी पोचले.

फिट्झरॉय

आता स्टॅन्लीकडे दोन वाटा झाल्या. उत्तरेकडून ३ कमांडो ब्रिगेड पुढे सरकली आणि टील इनलेट या छोट्या खाडीत तिचे पुढचे कोठार मांडले गेले. ‘सर’ या उपाधीने सुरू होणाऱ्या नावांची लँडिंग जहाजे रात्री थेट तिथपर्यंत माल आणू लागली. ही जहाजे मुळात भूदलासाठी बांधलेली आणि १९७० मध्ये रॉयल फ्लीट ऑक्झिलरीकडे गेलेली. दोन्ही घरांच्या सवयी माहीत असलेली या मोहिमेतली तीच काय ती जहाजे. टील इनलेटचे काम चोख झाले, कारण तिथे माल उतरवणारी माणसे, हवाई संरक्षण आणि हुकूम देणारा अधिकारी या तिन्ही गोष्टी जहाजांच्या बरोबरीने पोचल्या होत्या.

दक्षिणेकडे तसे झाले नाही. २ जूनला पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन त्या एकुलत्या चिनूकमधून एकदम ब्लफ कोव्ह आणि फिट्झरॉयला जाऊन बसली. ही झेप धाडसी होती, पण तिने मागच्या सगळ्यांना त्या टोकापर्यंत पोचवण्याची जबाबदारी अचानक निर्माण केली. वेल्श गार्ड्सनी पायी जाण्याचा प्रयत्न केला; सामान वाहून नेणारी वाहने न मिळाल्याने ते परतले. हेलिकॉप्टरे उत्तरेकडच्या तोफगोळ्यांत गुंतलेली होती. उरला तो समुद्र.

नौदल आपल्या मोठ्या लँडिंग नौका दिवसाच्या उजेडात त्या उघड्या किनाऱ्याजवळ न्यायला तयार नव्हते, आणि त्यामागे कारण होते : तशा दोनच नौका होत्या. म्हणून रात्रीच्या फेऱ्या झाल्या. स्कॉट्स गार्ड्स एका रात्री पोचले. वेल्श गार्ड्सपैकी निम्मे पुढच्या रात्री उतरले, होड्या वेळेवर न मिळाल्याने उरलेले परत आले आणि मग त्यांना ‘सर गॅलहॅड’वर चढवण्यात आले.

८ जूनच्या सकाळी ‘सर गॅलहॅड’ फिट्झरॉयला पोचले. शेजारी दारूगोळा उतरवत असलेले ‘सर ट्रिस्ट्रम’ उभे होते. सैनिकांना ब्लफ कोव्हला, आपल्या उरलेल्या बटालियनकडे जायचे होते; जहाज त्यांना फिट्झरॉयला घेऊन आले होते. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने ताबडतोब उतरण्याचा आग्रह धरला. पण उतरून चालत जायचे की होडीची वाट पाहायची, होडीत आधी दारूगोळा, आधी वैद्यकीय पथक की आधी सैनिक, आणि हे ठरवायचे कोणी, याचा निकाल लागता लागता काही तास गेले. होडीचा रॅम्पही बिघडला. दुपारी विमाने आली. ‘सर गॅलहॅड’वर ४८ जण गेले, त्यांत वेल्श गार्ड्सचे ३२ होते. ‘सर ट्रिस्ट्रम’वर दोन खलाशी मरण पावले.

या घटनेचा दोष एखाद्या व्यक्तीच्या माथी मारणारे पुष्कळ लिखाण झाले आहे आणि त्यात मला शिरायचे नाही. त्या खाडीत त्या सकाळी असलेला प्रत्येक जण आपापल्या दलाच्या शिकवणीप्रमाणे बरोबर वागत होता. कप्तान जहाज सांभाळत होता, पायदळाचा अधिकारी आपली बटालियन एकत्र ठेवू पाहत होता, किनाऱ्यावरचा अधिकारी आकाशाकडे पाहून बोलत होता. जहाजापासून वाळूपर्यंतच्या त्या पट्ट्यात सर्वांना लागू पडेल असा हुकूम देण्याचा अधिकार एका माणसाकडे नव्हता. टील इनलेट आणि फिट्झरॉय यांत हाच फरक होता.

निष्पत्ती

११ जूनच्या रात्रीपासून स्टॅन्लीभोवतीच्या डोंगरांवर लढाया सुरू झाल्या. दुसऱ्या टप्प्यातला हल्ला एक दिवस पुढे ढकलावा लागला आणि तो दिवस तोफगोळे पुढे नेण्यासाठीही उपयोगी पडला. तीस तोफांना पुरेल इतका गोळा जवळपास सगळा हेलिकॉप्टरने उचलून न्यावा लागत होता. बर्फावर चालणारी व्होल्वो गाडी आणि बेटावरच्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ही जमिनीवरची वाहतूक. १४ जूनला अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली तेव्हा काही तोफांपाशी मोजकेच गोळे उरले होते. युद्धात ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ जण मृत्युमुखी पडले, बेटावरच्या तीन स्त्रियाही.

मोहीम यशस्वी झाली आणि त्यामुळेच तिच्या पुरवठ्यातल्या उणिवा झाकल्या जाण्याचा धोका होता. नौदलाचा ताफा शेवटपर्यंत चालत राहिला, पण हिवाळ्याचा आणखी एक महिना तो कसा चालला असता हे सांगणे अवघड आहे. भूदल जिंकले, पण पुरवठ्याचा वेग हाच त्याच्या हालचालीचा वेग ठरला.

वेगळे काय करता आले असते

भरणीबाबत घाई टळली नसती, पण यादी टळायला नको होती. माल कुठल्याही क्रमाने भरला तरी कुठले खोके कुठे गेले याची नोंद गोदीतच करण्यासाठी प्रत्येक जहाजामागे कमांडो लॉजिस्टिक रेजिमेंटचे दोन-चार जण ठेवता आले असते. त्यांनी फारशी जागा व्यापली नसती आणि असेन्शनचे निम्मे काम वाचले असते.

साठा पाण्यावर ठेवण्याचा निर्णय मी चुकीचा मानत नाही. चूक होती ती दुसरी योजना तयार नसण्यात. जहाजे खाडीतून हलवावी लागली तर पहिल्या रात्री कोणता माल आधी उतरवायचा, कोठार कुठे मांडायचे, रुग्णालय त्यापासून किती दूर ठेवायचे, हे असेन्शनच्या तीन आठवड्यांत ठरवता आले असते. हवाई हल्ले होणार हे सर्वांना माहीत होते.

आदेशाच्या रचनेबाबत मात्र गोदीतल्या कोणाच्या हाती काही नव्हते. समुद्रावर एकमेकांच्या हाताखाली नसलेले तिघे सेनानी आणि त्यांचा वरिष्ठ १३,००० किलोमीटर दूर, अशा स्थितीत कोणते जहाज कोणत्या रात्री खाडीत येईल हा रोजचा प्रश्न दोन दलांमधल्या वाटाघाटीचा विषय झाला. ताफ्याबरोबर एक सेनानी आणि त्याच्या हाताखाली दोन्ही दलांचा एकच पुरवठा कक्ष असता, तर निदान रात्रीचे जहाज निवडताना सुरक्षितता आणि गरज हे दोन्ही कागद एकाच टेबलावर आले असते.

ब्रिटनने यातले काही पुढे केले, पण सावकाश. तिन्ही दलांच्या परदेशी मोहिमांसाठी नॉर्थवुडला कायमचे संयुक्त मुख्यालय १९९६ मध्ये उभे राहिले आणि तिन्ही दलांची पुरवठा खाती २००० मध्ये एका संघटनेखाली आली. फॉकलंडमध्ये माउंट प्लेझंटचा विमानतळ १९८५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे आता तिथे कुमक पाठवायची तर ती विमानाने जाईल. जड माल मात्र अजूनही जहाजानेच जाईल, आणि त्याची भरणी करणाऱ्यांना खणातल्या प्रत्येक खोक्याची जागा आधी लिहून ठेवावी लागेल.